आजोबांच्या वहीतल्या सह्या खऱ्या की कुणी केलेल्या? कसं ओळखायचं?

माजघर
मंडळी, जरा मदत हवीये. दादरच्या जुन्या घराची आवराआवर चाललीये, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची (आईचे वडील) सह्यांची वही सापडली. आजोबा तेव्हा गिरगावात राहायचे, क्रिकेटचं प्रचंड वेड, ब्रेबॉर्नवर मॅच असली की ऑफिसला दांडी ठरलेली असं आई सांगते. वहीत तसं काही फार नाही, चारपाच गवयांच्या सह्या, दोन पानं कोरी, आणि मग एक पान आहे त्याच्यावर मथळा "वेस्ट इंडिज १९४८-४९, मुंबई" आणि खाली बाराएक सह्या. मला वाचता आल्या त्या गोडार्ड, वीक्स, वॉलकॉट, स्टोलमायर, रे, गोमेझ, हेडली, वॉरेल. बाकीच्या लागत नाहीत.

जुन्या वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या एकांना दाखवली. त्यांनी दोन मिनिटं पान बघितलं आणि म्हणाले सगळ्या एकाच हातच्या वाटतात, कुणीतरी हौस म्हणून केल्या असतील, पण ठेवून जा, हजार रुपये देतो. खोट्या आहेत तर हजार कशाला हे काही मला कळलं नाही, वही उचलून घरी आले.

विकायची नाहीचे. आईनं आधीच सांगितलंय. पण आजोबा असं काही खोटं करून वहीत ठेवणारे नव्हते आणि "एकाच हातच्या" हे ऐकल्यापासून आई गप्प गप्प आहे. तर सही खरी की खोटी हे नक्की कशावरून ठरवतात? घरी बसून काय बघता येईल? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.

फिरकीचा_दिवाना
ताई, काय सापडलंय याची कल्पना आहे का तुम्हाला!! फेब्रुवारी १९४९, ब्रेबॉर्न, पाचवी टेस्ट. भारताला जिंकायला ३६१ हव्या होत्या, हजारेंनी १२२ केल्या आणि शेवटी ८ बाद ३५५ वर मॅच थांबली. सहा धावा राहिल्या! थोडा वेळ शिल्लक असताना अंपायरनी बेल्स उचलल्या म्हणून आमचे काका मरेपर्यंत चिडायचे. आजोबा त्या गर्दीत असतील तर नुसत्या त्या कल्पनेनंच अंगावर काटा आला. फोटो टाका लवकर.

शाईदौत
माजघर, मी पंचवीसेक वर्षं सह्या आणि पत्रं जमवतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे सहीच्या आकारापासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि तिथंच फसतात, कारण खोटी करणाऱ्यानं सगळी मेहनत आकारावरच घेतलेली असते. त्याचं लक्ष जिथं नसतं तिथं बघायचं. कागद कुठला, शाई कुठली, पेन कुठलं, आणि सही त्या पानावर आली कशी.

पेन बघा. १९४९ साली मुंबईत मैदानावर सही म्हणजे फाउंटन पेन किंवा पेन्सिल. बॉलपेन अमेरिकेत दुकानात आलं १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे सर्रास व्हायला बराच काळ गेला. म्हणजे बॉलपेनची सही असली तर अगदी अशक्य नाही पण माझ्या कपाळाला आठी पडेल. स्केचपेन, मार्कर असेल तर विषय संपला.

शाई कागदात कशी बसलीये ते भिंगातून बघा. नव्या कागदावर खळ असते, शाई वर राहते, कडा स्वच्छ येतात. कागद म्हातारा झाला की ती खळ जाते, आणि अशा जुन्या कागदावर आज कुणी फाउंटन पेननं लिहिलं तर शाई फुटते, कडेला बारीक मुळं फुटल्यासारखी दिसतात. जुनी वही मिळवून तिच्या कोऱ्या पानावर सह्या करणारे यात सापडतात. तुमच्या वहीत दोन कोरी पानं आहेत म्हणालात, एका कोऱ्या पानाच्या अगदी कोपऱ्यात फाउंटन पेननं बारीकशी रेघ ओढून बघा, आणि सह्यांच्या कडा ताडून बघा.

आणि मग रेघ. स्वतःची सही माणूस विचार करून करत नाही, हात पळतो. त्यामुळे सुरुवात आणि शेवट निमुळते असतात, पेन कागदाला टेकायच्या आधीच हात हलायला लागलेला असतो. नक्कल करणारा चित्र काढतो. सुरुवातीला शाईचा ठिपका, मध्येच पेन उचललेलं, सगळीकडे सारखा दाब, वळणावर बारीकशी थरथर. पान उलटं धरून बघा, म्हणजे अक्षर वाचायची सवय आड येत नाही, नुसती रेघ दिसते.

डोंबिवली_फास्ट
भारतात सगळ्यात जास्त लोकांनी खिशात बाळगलेली सही म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची :)

वेलदोडा
@डोंबिवली_फास्ट, हसण्यावारी नेऊ नका, तोही मुद्दा आहे. ती छापील सही. बॅटवरच्या, फोटोवरच्या, कॅलेंडरवरच्या निम्म्या "सह्या" अशाच छापलेल्या असतात आणि लोक पिढ्यानपिढ्या जपून ठेवतात. आमच्याकडे एक छोटी बॅट होती, अख्ख्या संघाच्या सह्या असलेली. भिंगातून बघितलं तर ठिपके ठिपके! खरी शाई असेल तर तिरप्या उजेडात कुठे चकाकते, जिथं रेघ रेघेवरून जाते तिथं गडद होते. छपाईत ते होत नाही. (अवांतर: चिंतामणराव देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यांची छापील सही असलेल्या नोटा आमच्या रोह्याच्या नातेवाइकांनी अजून फ्रेममध्ये ठेवल्यात.)

सीमारेषा
एक मिनिट. मला वाईट वाटतंय हे लिहायला पण लिहिलंच पाहिजे.

फ्रँक वॉरेल १९४८-४९ च्या संघात नव्हता. त्यांच्या बोर्डाशी त्याचं जमलं नाही म्हणून तो त्या दौऱ्यावर आलाच नव्हता. तीन डब्ल्यूंपैकी (तिघांचीही नावं इंग्रजी डब्ल्यूनं सुरू होतात) वीक्स आणि वॉलकॉट आले, वॉरेल नाही. जो माणूस संघातच नव्हता त्याची सही संघाच्या पानावर कशी? नंतर कुणीतरी "थ्री डब्ल्यूज" हे प्रकरण प्रसिद्ध झाल्यावर बसून पान तयार केलं असेल तर नेमकी हीच चूक होईल.

फिरकीचा_दिवाना
अरेरे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कोथरूडकर_७१
मग काय राहिलं? एक सही खोटी म्हणजे पान खोटं. त्या दुकानदारांनी बरोबर सांगितलं होतं. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पूर्वी मुलं वहीत अशा सह्या काढायचीच, फसवायला नव्हे, आवड म्हणून. आम्हीही गावसकरची सही गिरवायचो.

माजघर
सीमारेषा, खरं सांगितलंत ते बरं केलंत. आईला अजून बोलले नाहीये. मामा तेव्हा लहान होता पण त्याला विचारते. फोटो उद्या काढते, आता उजेड नाही.

शाईदौत
थांबा हो, इतकी घाई नको. सीमारेषांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि असंच तपासायला हवं, सही करणारा त्या दिवशी त्या गावात होता का हा प्रश्न भिंगापेक्षा मोठा. पण त्यावरून खोटं काय ठरतं? सही आणि मथळा एकमेकांशी जुळत नाहीत एवढंच ठरतं. दोन्हीपैकी एक चूक आहे. ती सहीच असेल असं कशावरून? मथळा कुणी लिहिलाय, कधी लिहिलाय, त्याच शाईत आहे का, हे माजघर यांनी अजून सांगितलंच नाहीये.

अनुस्वार
इथं आमच्या मोडी कागदांचा अनुभव सांगावासा वाटतो. मी हौशी वाचक आहे, पुण्यात मोडी शिकले. जुन्या पत्रांत सगळा मजकूर कारकुनाच्या हातचा असतो, मायना त्याचाच, आणि शेवटची एखादी ओळ तेवढी खुद्द सरदारांनी किंवा पेशव्यांनी लिहिलेली असते. तिला शब्दच आहे, दस्तुरखुद्द. म्हणजे "हे पत्र अमक्यांचं आहे का" आणि "हे अक्षर अमक्यांचं आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी माहीत होतं. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांत तर सही बघायची नसतेच, वर मुद्रा आणि शेवटी "मर्यादेयं विराजते" चा शिक्का. आणि बनावट कागद बहुतेक वेळा अक्षरावरून नाही, कालगणनेवरून पकडले जातात. सन आणि तिथी जुळत नाही, किंवा ज्याला पत्र लिहिलंय तो त्या साली त्या हुद्द्यावर नव्हताच. अगदी वॉरेलसारखं.

शाईदौत यांच्याशी सहमत. आमच्या सरांचं म्हणणं असायचं की कागदाच्या पाठीवर नंतरच्या माणसानं केलेली नोंद आणि मूळ मजकूर यांची गल्लत करू नका, दप्तर लावणारे चुकायचे.

पाच_रुपये
आयडीचं कारण सांगतो. गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन निधीसाठी. आमच्या आजीनं अशी सही घेतली होती, पाच रुपये म्हणजे तेव्हा घरात भांडण झालं होतं म्हणे.

वडिलांनी ती सही एका जाणकारांना दाखवली तर ते म्हणाले ही नाही वाटत, बापूंच्या सहीचं वळण असं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की गांधीजी उजवा हात दुखायला लागला की डाव्या हातानं लिहायचे. १९०९ मध्ये इंग्लंडहून आफ्रिकेला परत जाताना बोटीवर त्यांनी हिंद स्वराज्य लिहिलं, त्या २७५ पानांपैकी ४० पानं डाव्या हातानं लिहिलेली आहेत. शिवाय सही कधी गुजरातीत, कधी नागरीत, कधी इंग्रजीत. आता सांगा, एकच नमुना समोर ठेवून कुणी "वळण जुळत नाही" म्हटलं तर त्याला काय अर्थ आहे? आजीची सही डाव्या हाताची होती असा माझा दावा नाही, पण ती तिनं स्वतः समोर उभं राहून घेतली होती हे मला माहितीये, आणि वडील मात्र त्या एका वाक्यामुळे शेवटपर्यंत ती कुणाला दाखवायला तयार झाले नाहीत. माजघर ताई, तुमच्या आईंना गप्प बसू देऊ नका.

वेलदोडा
पाच_रुपये, काय लिहिलंयत. आजींची सही आता कुठे आहे?

पाच_रुपये
माझ्याकडे. आता फ्रेम केलीये, पण उन्हाच्या भिंतीवर लावली नाही.

न्यूजर्सीचा_नाना
इकडे यासाठी कंपन्याच आहेत. पान पाठवायचं, ते तपासतात, सर्टिफिकेट देतात, होलोग्रामचा स्टिकर लावतात. शंभरेक डॉलरच्या आसपास जाईल पण कायमचा प्रश्न मिटेल. कुणी येणारं असेल तर पाठवून द्या, मी करून घेतो.

कायद्याचं_बोला
नाना, तुमचा हेतू चांगला आहे पण हे करू नका. १९७२ चा पुरावस्तू आणि कलामूल्य वस्तूंचा कायदा आहे. वस्तूला शंभर वर्षं लागतात, पण ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मूल्य असलेलं हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल तर मर्यादा ७५ वर्षं. आणि अशी गोष्ट खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९४९ अधिक ७५ किती झाले ते मोजा. क्रिकेटच्या सह्यांचं पान "ऐतिहासिक दस्तऐवज" धरायचं का यावर वाद घालता येईल, पण तो वाद विमानतळावर कस्टमसमोर घालायची वेळ येऊ नये. पाठवायचंच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ही वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला घ्यावा लागेल. त्यापेक्षा चांगल्या रिझोल्यूशनचं स्कॅन पाठवा.

न्यूजर्सीचा_नाना
हे माहीत नव्हतं, आभार. प्रस्ताव मागे घेतो.

शाईदौत
आणि सर्टिफिकेटबद्दल. तो कागद देणारा कोण त्यावर त्याची किंमत. अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयनं ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी कारवाई केली, खोट्या सह्यांची टोळीच पकडली. त्या मालाबरोबर सर्टिफिकेटंही व्यवस्थित असायची! त्यात काय सापडावं, तर मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल. बेसबॉलवर मदर तेरेसांची सही! एवढा साधा प्रश्न विकत घेणाऱ्याला पडला नाही कारण हातात कागद होता.

कोथरूडकर_७१
मला हे सगळं पटत नाहीये. म्हणजे तज्ज्ञाला काहीच कळत नाही का? हस्ताक्षर तपासणी हे शास्त्र आहे, कोर्टात चालतं. चांगल्या तज्ज्ञाकडे खऱ्या नमुन्यांशी ताडून बघितलं की निकाल लागतो. तुम्ही लोक उगाच "घरचे म्हणतात म्हणून खरं" या बाजूला चाललायत. आजीनं सांगितलं म्हणून खरं, आजोबा खोटं करणारे नव्हते म्हणून खरं, असं कसं चालेल? प्रत्येक खोट्या वस्तूबरोबर एक आजोबा असतातच.

शाईदौत
कोथरूडकर, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. मीही एकदा अशाच एका आजोबांच्या गोष्टीवर भरवसा ठेवून फसलोय. गोष्ट पुरावा नसते, पण तपासता येते. आजोबा गिरगावात होते का, नोकरी कुठं होती, मॅचचं तिकीट आहे का, बाकीच्या पानांवर काय आहे.

पण "खऱ्या नमुन्यांशी ताडून" यात जी मेख आहे ती सांगतो. १९८३ साली जर्मनीत श्टर्न साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिश्या म्हणून नव्वद लाखांहून जास्त मार्क मोजले. हस्ताक्षरतज्ज्ञांना विचारलं होतं, ते म्हणाले अक्षर जुळतंय. जुळणारच, कारण ताडून बघायला दिलेल्या नमुन्यांतले काही कागदही त्याच बनावट करणाऱ्या माणसाच्या हातचे होते! तज्ज्ञांनी आपलं काम बरोबर केलं, दोन्ही कागद एकाच हातचे होते. शेवटी पकडलं कशानं, तर कागदात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं रसायन निघालं.

आज तर नमुने सगळे इंटरनेटवरून घेतात. विक्रीला ठेवलेल्या सहीच्या फोटोशी आपली सही जुळते म्हणून खरी. त्या फोटोतली खरी हे कुणी सांगितलं? आणि खरी असली तरी कुठल्या वयातली? वीक्स २०२० मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी गेले, म्हातारपणी त्यांनी खूप सह्या दिल्या, त्यामुळे बाजारात दिसतात त्या बहुतेक त्याच. माजघर यांच्या पानावरचा वीक्स चोवीसाव्या वर्षात आहे, धावत्या गर्दीत सही करतोय. जुळली नाही तर नवल नाही, अगदी तंतोतंत जुळली तर मात्र मला शंका येईल.

तबकडी
एकदम तंतोतंत वरून आठवलं, ऑटोपेन! यंत्राला खरं पेन लावायचं आणि ते साच्याबरहुकूम सही करतं. शाई खरी, पेन खरं, वळण खरं, फक्त माणूस नाही. २०२२ मध्ये बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ९०० प्रती हातानं सही केलेल्या म्हणून ५९९ डॉलरला एक अशा विकल्या. घेणाऱ्यांनी आपापले फोटो नेटवर टाकले, एकमेकांवर ठेवून बघितले तर सह्या हुबेहूब! प्रकाशकांना सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागले आणि डिलननं माफी मागितली. माझा चुलतभाऊ त्याचा भक्त, त्यानं घेतली नव्हती पण आठवडाभर जेवला नाही धड.

सीमारेषा
बीटल्सचंही आहे ना, त्यांचे रोड मॅनेजर चौघांच्या सह्या करून द्यायचे. क्रिकेटमध्येही ड्रेसिंग रूममध्ये वही गेली की एखादा जण कंटाळलेल्या मित्राची सही करून टाकतो. त्यामुळे "दोन सह्या एका हातच्या" आणि "पान खोटं" या वेगळ्या गोष्टी झाल्या. माझाच पहिला प्रतिसाद जरा जास्त ठाम होता असं आता वाटतंय.

पुस्तकी_किडा
माझा अनुभव लिहितो, छोटा आहे. फुटपाथवर जुन्या पुस्तकांत पु.लं.चं एक पुस्तक मिळालं, आत सही! हात थरथरायला लागले. विकणाऱ्यानंही सहीचे म्हणून दोनशे जास्त घेतले. घरी येऊन बायकोला दाखवलं, तिनं पान उलटलं, आवृत्तीचं साल वाचलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. २००३. पु.ल. गेले १२ जून २००० ला.

तेव्हापासून सहीआधी मागचं पान बघतो. आणि नुसत्या सहीपेक्षा "अमक्यास सप्रेम" वगैरे चार शब्द, तारीख असलेली प्रत जास्त भरवशाची, कारण एवढं लांबलचक दुसऱ्याच्या हातात लिहिणं अवघड.

डोंबिवली_फास्ट
वहिनींना तज्ज्ञ म्हणून नेमा :)

माजघर
उशिरा लिहितेय, पण दोन दिवसांत बरंच झालंय. एकेक सांगते.

दुपारच्या उजेडात खिडकीशी बसून पान बघितलं. मथळा बॉलपेननं लिहिलाय, निळ्या. सह्या सगळ्या फाउंटन पेनच्या, त्यात बहुतेक एकाच निळसर शाईत, म्हणजे पेन आजोबांचंच फिरलं असणार. वॉरेलची मात्र काळी. आणि ती रांगेत नाहीये, खाली उजव्या कोपऱ्यात तिरकी आहे, बाकीच्यांनी जागा संपवल्यावर उरलेल्या ठिकाणी घेतल्यासारखी.

मामाला फोन केला. त्यानं आधी आठवत नाही म्हटलं, मग रात्री परत फोन आला. मथळा त्यानं लिहिलाय! आजोबा गेल्यावर, पंचाहत्तर-शहात्तर साली, आपल्या मुलांना दाखवायला म्हणून त्यानं प्रत्येक पानावर आठवेल तसं लिहून ठेवलं होतं. गवयांच्या पानांवरही त्याच बॉलपेननं लिहिलंय, मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं तीन सह्या आहेत, इतक्या पुसट की मी कोरं समजत होते. एक लिव्हिंगस्टन अशी वाचता येते. बाकी दोन नाही.

कोपऱ्यात रेघ ओढून बघितली, शाईदौत म्हणाले तशी. माझी रेघ केसाळ झाली, फुटली. सह्यांच्या कडा तशा नाहीत. शिवाय समोरच्या पानावर उलट्या अक्षरांचे फिकट डाग आहेत, वही ओल्या शाईवर मिटल्यासारखे. आरसा धरला तर त्यात गोमेझचा जी आणि झेड दिसतो.

सीमारेषा
लिव्हिंगस्टन!!! ताई, जॉक लिव्हिंगस्टन हा १९४९-५० साली आलेल्या कॉमनवेल्थ संघाचा (राष्ट्रकुलातल्या वेगवेगळ्या देशांचे खेळाडू मिळून केलेला संघ) कॅप्टन. आणि त्या संघात वॉरेल होता! त्या हिवाळ्यात आणि लगेच पुढच्या, १९५०-५१ च्या हिवाळ्यातही तो कॉमनवेल्थबरोबर भारतात होता, मुंबईत खेळला. म्हणजे आजोबा पुढच्या वर्षी तीच वही घेऊन परत गेले, वॉरेल दिसला, त्याला आदल्या वर्षीच्या वेस्ट इंडिजच्याच पानावर, वीक्स-वॉलकॉटच्या खाली उरलेल्या कोपऱ्यात सही करायला दिली. कुठल्याही क्रिकेटवेड्या माणसानं हेच केलं असतं, तिन्ही डब्ल्यू एका पानावर!

मी ज्या सहीवरून पान खोटं म्हणत होतो त्याच सहीमुळे आता मला ते पान खरं वाटायला लागलंय. बसून खोटं करणारा माणूस मागच्या बाजूला लिव्हिंगस्टनची पुसट पेन्सिल कशाला करत बसेल, त्याला विचारतं कोण.

फिरकीचा_दिवाना
डोळ्यात पाणी आलं राव.

अनुस्वार
मामांचा मथळा म्हणजे दप्तर लावणाऱ्याची नोंद. :) फार छान.

शाईदौत
माजघर, उत्तम काम केलंत. समोरच्या पानावरचे डाग ही तर फार मोलाची गोष्ट, ती कुणी मुद्दाम करत नाही. कृपा करून वही पूर्ण उघडून सपाट दाबू नका आणि तेवढंच पान कापून फ्रेम तर मुळीच करू नका, त्या पानाची सगळी साक्ष शेजारच्या पानांत आहे. मामांचा बॉलपेनचा मथळा खोडायचा नाही. उलट मामांकडून एका कागदावर लिहून घ्या, कधी लिहिला, कशावरून लिहिला, खाली तारीख आणि त्यांची सही.

एक शंका मात्र आहे आणि ती लपवत नाही. तुम्ही मला पाठवलेल्या फोटोत तिसरी आणि चौथी सही यांचा उतार, दाब आणि शेवटचा फाटा एकसारखा वाटतोय. तिथं एकानं दुसऱ्याची सही केली असेल. फोटोवरून यापुढं जाता येत नाही, मूळ पान कुणा जाणकाराला भिंगाखाली दाखवावं लागेल. ते दुकानदारही कदाचित एवढंच बघून बोलले असतील, फक्त त्यांनी दोन सह्यांवरून बाराचा निकाल लावला.

कोथरूडकर_७१
मी घाई केली हे मान्य. पण बघा, शेवटी शास्त्रानंच ठरलं ना? शाई, कागद, डाग, संघाची यादी. आजोबा सज्जन होते म्हणून नाही ठरलं. माझा मुद्दा तोच होता.

पाच_रुपये
कोथरूडकर, तुमचा मुद्दा मान्य, पण आजोबा सज्जन होते या विश्वासावर ताईंनी वही हजार रुपयांना दिली नाही म्हणून तर पुढचं शास्त्र करता आलं.

बॅरकपूर_लोकल
मी कोलकात्यात नोकरीला आहे म्हणून एक अवांतर. इथे दरवर्षी ३ फेब्रुवारीला बंगालची क्रिकेट संघटना फ्रँक वॉरेल दिन पाळते, रक्तदानाचं शिबिर असतं. १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला तेव्हा वेस्ट इंडिजचा कॅप्टन असूनही वॉरेलनं पुढं होऊन रक्त दिलं होतं. मी दोनदा दिलंय तिथं रक्त. तुमच्या वहीत त्या माणसाचा हात टेकलाय हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

माजघर
बॅरकपूर_लोकल, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली कॉन्ट्रॅक्टरला लागलं तेव्हा बाबा रेडिओपाशी बसून होते आणि "माझ्याकडे आहे वॉरेलची सही" असं म्हणाले होते, तेव्हा तिला वाटलं होतं उगाच बोलतायत. काल रात्री ती वही उशाशी घेऊन झोपली होती.

शाईदौत, तिसरी चौथी सहीचं कळलं. ते तसंच राहू दे, जे आहे ते आहे. मामाकडून लिहून घेतेय. नोटा तपासायचा तो जांभळा दिवा शेजारच्या किराणावाल्यांकडून आणून रात्री पानावर धरला, कागद काही चकाकला नाही, माझ्या प्रिंटरचा कागद मात्र ट्यूबलाइटसारखा पेटला.

शाईदौत
छान. जुना कोरा कागद कुणीही मिळवू शकतो म्हणून नुसत्या त्यानं सिद्ध होत नाही, पण विरोधात गेलं नाही हे बरं.

माजघर
आता न वाचता आलेल्या सह्या. एक आहे तिची सुरुवात एफसारखी, मग लांब रेघ, शेवटी एन. कुणाला काही सुचतं का?

सीमारेषा
फर्ग्युसन असणार! विल्फ फर्ग्युसन, लेगस्पिनर, त्या दौऱ्यावर होता. मधे जी चं शेपूट खाली जातंय का बघा.

माजघर
हो!! जातंय! आणि त्याच्याच शेजारची, पी किंवा आर, मग जे आणि शेवटी एस?

फिरकीचा_दिवाना
प्रायर जोन्स? फास्ट बोलर, ब्रेबॉर्नची ती शेवटची टेस्ट खेळलाय. पहिलं अक्षर पी आहे की आर तेवढं नीट बघून सांगा.

माजघर
आता वही आईजवळ आहे, झोपलीये. सकाळी उजेडात बघून सांगते.